पुण्याचा पाऊस नागपुरात

तक्ता समोर असला की त्यात आडव्या ओळी किती आणि उभे स्तंभ किती, हे नुसत्या नजरेने कळते. हजेरीपटात नावे खाली खाली जातात आणि तारखा उजवीकडे सरकतात. हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. संगणकाच्या स्मृतीत मात्र तक्ता नसतोच. तिथे असते एकापुढे एक मांडलेल्या घरांची एकच लांबलचक रांग. पहिले घर, दुसरे घर, तिसरे घर... या घरांना लांबी आहे, रुंदी नाही. मग ओळी आणि स्तंभ असलेला तक्ता या रांगेत बसवायचा कसा?

बसवण्याच्या दोन सरळ रीती आहेत आणि दोन्ही तितक्याच योग्य आहेत. अडचण एवढीच की काही आज्ञावली भाषा एक रीत पाळतात आणि काही दुसरी. एका भाषेत लिहिलेले काम दुसऱ्या भाषेत नेताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर संगणक बहुधा तक्रार करत नाही. तो उत्तर देतो, आणि ते उत्तर चुकीचे असते. या लेखात आपण या दोन रीती, त्यांमागची कारणे आणि त्यांतून होणारे घोटाळे पाहणार आहोत.

वर्गातून बाहेर पडण्याच्या दोन रीती

समजा, वर्गात बाकांच्या २ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत ३ विद्यार्थी बसले आहेत. प्रत्येकाला आपण एक क्रमांक देऊ. क्रमांकातील पहिला अंक ओळीचा, दुसरा स्तंभाचा:

११  १२  १३
२१  २२  २३

आता मुलांना एका रांगेत मैदानावर न्यायचे आहे. पहिली ओळ संपली की दुसरी, असे नेले तर रांग होईल: ११, १२, १३, २१, २२, २३. ही झाली ओळवार मांडणी. त्याऐवजी पहिला स्तंभ संपला की दुसरा, असे नेले तर रांग होईल: ११, २१, १२, २२, १३, २३. ही स्तंभवार मांडणी.

मैदानावरच्या शिक्षकांना मुले परत २ ओळी आणि ३ स्तंभांत उभी करायची आहेत. रांग ओळवार आलेली आहे, पण त्यांचा समज ती स्तंभवार आहे असा आहे. ते पहिल्या दोघांना पहिल्या स्तंभात उभे करतील, पुढच्या दोघांना दुसऱ्या. परिणाम असा:

११  १३  २२
१२  २१  २३

सहाही मुले हजर आहेत. ओळी दोन आहेत, स्तंभ तीन आहेत. मोजणीत काहीच चूक सापडत नाही, तरी ११ आणि २३ सोडून प्रत्येक जण चुकीच्या जागी उभा आहे.

आता तीच ओळवार आलेली रांग शिक्षकांनी ३ ओळी आणि २ स्तंभ समजून स्तंभवार भरली तर काय होते ते पाहा:

११  २१
१२  २२
१३  २३

हा मूळ तक्ताच आहे, फक्त ओळींचे स्तंभ झाले आहेत. गणितात याला ट्रान्स्पोज म्हणतात. इथे गोंधळ नाही, नुसती दिशा बदलली आहे. पुढचे सगळे विवेचन या छोट्या निरीक्षणावर उभे आहे. भाषा बदलताना मितींचा क्रम उलटा केला की रांग जशीच्या तशी उपयोगी पडते.

कोणता निर्देशांक आधी धावतो?

मिती दोनपेक्षा जास्त असल्या की ‘ओळ’ आणि ‘स्तंभ’ हे शब्द अपुरे पडतात. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: रांगेत एक एक घर पुढे जाताना कोणता निर्देशांक सर्वांत भरभर बदलतो, पहिला की शेवटचा?

रोजच्या व्यवहारात आपण दोन्ही पद्धती वापरतो. वेळ सांगताना तास-मिनिट-सेकंद असा क्रम असतो. इथे शेवटचा आकडा सर्वांत भरभर बदलतो. तारीख लिहिताना मात्र दिवस-महिना-वर्ष असा क्रम असतो. इथे पहिला आकडा भरभर बदलतो. वेळ ओळवार पद्धतीची, तारीख स्तंभवार पद्धतीची. विद्यार्थ्यांना हे उदाहरण चटकन पटते.

फोर्ट्रान ही तारखेच्या जातीची भाषा आहे. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत तयार झालेली ही भाषा १९५७ साली ७०४ या संगणकासाठी उपलब्ध झाली. त्या पहिल्या आवृत्तीत ॲरेला जास्तीत जास्त ३ मिती देता येत. फोर्ट्रान ७७ मध्ये ही मर्यादा ७ झाली आणि २००८ च्या प्रमाणात १५. स्तंभवार मांडणीची परंपरा मात्र कायम राहिली. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब लिहिले ते मुळात फोर्ट्रानमध्येच. साहजिकच तिथेही स्तंभवार मांडणी आली. संख्याशास्त्रज्ञांची आर आणि २०१२ साली जाहीर झालेली ज्युलिया याही स्तंभवार भाषा आहेत.

सी ही वेळेच्या जातीची. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवलेल्या या भाषेत दोन मितींचा ॲरे म्हणजे ‘ॲरेचा ॲरे’. एक ओळ हा पूर्ण ॲरे, आणि अशा ओळी एकापुढे एक. त्यामुळे ओळवार मांडणी तिथे आपोआपच येते. पायथन भाषेत आकडेमोडीसाठी वापरला जाणारा नंपाय हा संच (त्याची १.० आवृत्ती २००६ ची) वेगळे काही सांगितले नाही तर सीप्रमाणे ओळवार मांडतो, मात्र सांगितल्यास स्तंभवारही मांडू शकतो.

घराचा पत्ता काढण्याची सूत्रेही सोपी आहेत. मोजणी शून्यापासून धरली तर

ओळवार मांडणीत: पत्ता = ओळ × एकूण स्तंभ + स्तंभ
स्तंभवार मांडणीत: पत्ता = ओळ + स्तंभ × एकूण ओळी

पहिल्या सूत्रात एकूण ओळी किती हे लागतच नाही, दुसऱ्यात एकूण स्तंभ किती हे लागत नाही. म्हणूनच सीमध्ये एखाद्या उपआज्ञावलीला ॲरे देताना पहिली मिती न सांगितली तरी चालते, तर फोर्ट्रानमध्ये शेवटची मिती मोकळी ठेवता येते. पाठ करायला विचित्र वाटणारे हे दोन नियम सूत्र पाहिल्यावर आपोआप उलगडतात.

शून्यापासून की एकापासून?

वरची सूत्रे शून्यापासूनच्या मोजणीची आहेत. सी आणि पायथन अशीच मोजतात. सीमध्ये निर्देशांक म्हणजे ‘सुरुवातीपासून किती घरे पुढे’. पहिले घर शून्य घरे पुढे असते. आपल्या इमारतींत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, तोच हा हिशेब. फोर्ट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलिया मात्र गणिताच्या पुस्तकाप्रमाणे एकापासून मोजतात. फोर्ट्रान ७७ पासून तर सुरुवात कुठून करायची हे आपणच ठरवू शकतो, अगदी उणे ५ पासूनही. शून्यापासून मोजणेच का सोयीचे, यावर एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक छोटे टिपण लिहिले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

एकाचा हा फरक सहसा लवकर सापडतो, कारण ॲरेच्या टोकाला गेल्यावर बहुतेक भाषा अडवतात. सी मात्र याला अपवाद आहे; ती स्वतःहून अडवत नाही. ऋण निर्देशांकात याहून फसवा प्रकार आहे. उणे १ म्हणजे पायथनमध्ये ‘शेवटचा घटक’ आणि आरमध्ये ‘पहिला घटक वगळून बाकी सगळे’. दोन्हीकडे आज्ञा बिनतक्रार पाळली जाते.

पावसाचा हिशेब

आता एक खरे उदाहरण घेऊ. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून देशभरातील रोजच्या पावसाची जाळीदार आकडेवारी मिळते. ती १९०१ सालापासूनची आहे. अक्षांश-रेखांशांत प्रत्येकी ०.२५ अंशाच्या अंतराने जाळीचे बिंदू घेतले आहेत. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २८ किलोमीटर. अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर, म्हणजे १२९ बिंदू. रेखांश ६६.५ ते १०० पूर्व, म्हणजे १३५ बिंदू. एका दिवसाचे १३५ × १२९ = १७,४१५ आकडे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा धरला तर ३६५ दिवसांची फाइल २,५४,२५,९०० बाइटची होते. फाइलमध्ये असतात नुसते आकडे. कोणता आकडा कोणत्या गावचा, हे तिच्या आत कुठेही लिहिलेले नसते.

ते सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि नेमक्या शब्दांत: पहिला आकडा ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व येथील, दुसरा ६.५ उत्तर, ६६.७५ पूर्व येथील. म्हणजे रेखांश आधी धावतो, त्यानंतर अक्षांश आणि शेवटी दिवस.

पुण्याला सर्वांत जवळचा जाळीबिंदू १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व हा आहे. शून्यापासून मोजले तर त्याचा अक्षांश-क्रमांक (१८.५ − ६.५) ÷ ०.२५ = ४८ आणि रेखांश-क्रमांक (७३.७५ − ६६.५) ÷ ०.२५ = २९. रांगेतला पत्ता ४८ × १३५ + २९ = ६५०९.

एका विद्यार्थिनीने पायथनमध्ये १२९ ओळी (अक्षांश) आणि १३५ स्तंभ (रेखांश) असा ॲरे केला आहे असे समजू. नंपाय ओळवार भरतो, त्यामुळे ६५०९ वा आकडा ४८ व्या ओळीत २९ व्या स्तंभात जातो. उत्तर बरोबर. पुढे तेच काम मॅटलॅबमध्ये करायची वेळ येते. ती मिती जशाच्या तशा उतरवते, १२९ ओळी आणि १३५ स्तंभ. आकड्यांची संख्या जुळते, म्हणून मॅटलॅबही ॲरे विनातक्रार तयार करते. पण ते स्तंभवार भरते. आता ६५०९ ला १२९ ने भागा. भागाकार ५०, बाकी ५९. म्हणजे पुण्याचा आकडा ५९ व्या ओळीत, ५० व्या स्तंभात जाऊन बसला. (तुलना सोपी जावी म्हणून इथेही आपण शून्यापासूनच मोजत आहोत.) त्या जागेचा अक्षांश ६.५ + ५९ × ०.२५ = २१.२५ आणि रेखांश ६६.५ + ५० × ०.२५ = ७९.०.

नकाशा उघडून पाहा. २१.२५ उत्तर, ७९ पूर्व हा नागपूरला सर्वांत जवळचा जाळीबिंदू आहे! नागपूरचा पाऊस विचारला की ही आज्ञावली पुण्याचा पाऊस सांगेल, आणि पुण्यात पडू शकणारा पाऊस नागपुरातही पडू शकत असल्याने आकडा पाहून कुणाला शंका येणार नाही.

आणि पुण्याचा पाऊस विचारला तर? पत्ता होईल ४८ + २९ × १२९ = ३७८९. खऱ्या फाइलमध्ये ३७८९ = २८ × १३५ + ९, म्हणजे १३.५ उत्तर, ६८.७५ पूर्व, हा बिंदू अरबी समुद्रात आहे. ही आकडेवारी भारताच्या भूभागाची असल्यामुळे समुद्रातील बिंदूंवर ‘आकडा नाही’ या अर्थाची उणे ९९९ ही खूण भरलेली असते. पुण्यात उणे ९९९ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाचून मात्र कुणीही थबकेल. घोटाळा समुद्राने पकडून दिला. नागपूरने तो लपवला असता.

उपाय आपण वर्गाच्या उदाहरणात पाहिलाच आहे. मितींचा क्रम उलटा करायचा. सी आणि नंपायमध्ये (दिवस, अक्षांश, रेखांश), म्हणजे ३६५ × १२९ × १३५. फोर्ट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलियामध्ये (रेखांश, अक्षांश, दिवस), म्हणजे १३५ × १२९ × ३६५. अक्षांश पहिलाच हवा असेल तर आधी असे योग्य वाचावे आणि मग ट्रान्स्पोज करावे. नव्या मिती देणे आणि ट्रान्स्पोज करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला हवे. नव्या मिती देताना रांग तीच राहते, फक्त ती कुठे तोडायची ते बदलते. ट्रान्स्पोजमध्ये प्रत्येक आकड्याचे नाव-गाव त्याच्याबरोबर राहते, फक्त ते वाचण्याचा क्रम बदलतो.

उलटेपणाचा उपयोग

हा उलटेपणा नेहमी त्रासच देतो असे नाही. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी बीएलएएस (त्याचा पहिला भाग १९७९ साली प्रसिद्ध झाला) हा फोर्ट्रान आज्ञावल्यांचा संच फार नावाजलेला आहे. सीमधून तो वापरायचा आहे आणि ‘क × ख’ हा गुणाकार हवा आहे. सीने मांडलेला क फोर्ट्रानला ट्रान्स्पोज झालेला दिसतो, खही तसाच. आता फोर्ट्रानला ‘ख × क’ करायला सांगा. ते प्रत्यक्षात करील (ख चा ट्रान्स्पोज) × (क चा ट्रान्स्पोज). बारावीच्या गणितातील नियमानुसार हा झाला (क × ख) चा ट्रान्स्पोज. तो स्तंभवार मांडलेला असेल. सी तो ओळवार वाचील आणि तिला दिसेल नेमका क × ख. एकही आकडा इकडचा तिकडे न हलवता काम झाले. ‘गुणाकाराचा ट्रान्स्पोज म्हणजे उलट क्रमाने ट्रान्स्पोजांचा गुणाकार’ हा नियम शिकवताना त्याचा उपयोग काय असे कुणी विचारले, तर हे उदाहरण द्यावे.

उत्तर बरोबर येत असतानाही एक फरक उरतो, तो वेळेचा. प्रक्रियक स्मृतीतून एकेक आकडा आणत नाही. शेजारची घरेही एका खेपेत आणतो. आजच्या बहुतेक संगणकांत अशी एक खेप ६४ बाइटची, म्हणजे ८ बाइटच्या ८ आकड्यांची असते. रांगेच्या क्रमाने चाललो तर एका खेपेत ८ आकडे उपयोगी पडतात. मोठ्या ॲरेत आडवे चाललो तर प्रत्येक खेपेतील एकच आकडा वापरला जातो. म्हणून एकात एक लूप लिहिताना सीमध्ये सर्वांत आतला लूप शेवटच्या निर्देशांकाचा असावा, फोर्ट्रानमध्ये पहिल्याचा. भाषा बदलताना लूपही आत-बाहेर करावे लागतात.

हरवणाऱ्या मिती

शेवटचा घोटाळा मितींच्या संख्येचा. मॅटलॅबमध्ये प्रत्येक गोष्टीला किमान दोन मिती असतात. एकटा आकडासुद्धा १ × १ चा तक्ता असतो. नंपायमध्ये एकाच मितीची यादी असू शकते. ती ना आडवी, ना उभी; तिचा ट्रान्स्पोज केला तरी काहीच बदलत नाही. आरमध्ये तक्त्यातून एक ओळ उचलली की ती तक्ता राहत नाही, साधी यादी होते. ‘मिती टाकू नको’ असे स्पष्ट सांगावे लागते.

यातून काय होते ते पाहा. वर्षभराचे प्रत्यक्ष तापमान ३६५ आकड्यांच्या यादीत आहे आणि अंदाज ३६५ × १ च्या उभ्या स्तंभात. नंपायमध्ये वजाबाकी केली तर ३६५ उत्तरे अपेक्षित आहेत. पण नंपाय मिती उजवीकडून जुळवतो, यादीला आडवी ओळ समजतो आणि दोन्ही ताणून ३६५ × ३६५ चा तक्ता तयार करतो. १,३३,२२५ वजाबाक्या! त्यांची सरासरी काढली की एकच आकडा उरतो आणि चूक झाकली जाते. ज्युलियात ताणणारी वजाबाकी मिती डावीकडून जुळवते, त्यामुळे तिथे हीच आज्ञा अपेक्षित उत्तर देते. मॅटलॅबही २०१६ पासून मिती आपोआप ताणू लागले. आडवी ओळ आणि उभा स्तंभ भेटले की तिथेही तक्ता तयार होतो.

बेरजेचीही अशीच गंमत आहे. ४० विद्यार्थी आणि ६ विषयांच्या गुणांच्या तक्त्याची बेरीज मागितली, तर मॅटलॅब प्रत्येक विषयाची वेगळी, अशा ६ बेरजा देते. नंपाय सगळ्या २४० गुणांची एकच. वर्गात एकच विद्यार्थी असेल तर मॅटलॅब ओळीची दिशा पकडते आणि त्या विद्यार्थ्याच्या सहा विषयांची एकच बेरीज देते. म्हणून बेरीज कोणत्या दिशेने हवी ते नेहमी स्पष्ट लिहावे.

वर्गात काय करता येईल?

संगणक नसला तरी हा विषय शिकवता येतो. सहा मुलांना वर दिलेले क्रमांक लावून दोन्ही रीतींनी रांगेत उभे करावे आणि परत तक्त्यात बसवायला लावावे. संगणक असेल तर कोणत्याही नव्या भाषेत पहिली चाचणी हीच घ्यावी. ओळ आणि स्तंभ ज्यात दिसतात असे ११, १२, १३... आकडे भरावेत आणि तक्ता छापून पाहावा. चाचणीचा तक्ता चौरस मात्र नसावा. ३ × ३ चा तक्ता चुकीच्या क्रमाने वाचला तरी नीटनेटका ट्रान्स्पोजच दिसतो आणि मिती उलट्या करण्याचे भान सुटते.

आकडेवारी दुसऱ्याच्या हाती देताना ‘१२९ × १३५’ एवढे लिहून थांबू नये. पहिला आकडा कुठला आणि दुसरा कुठला, ही दोन वाक्ये जोडावीत. त्यावरून कोणत्याही भाषेतील माणसाला बाकीचे काढता येते. आणि दुसऱ्याची आकडेवारी हाती आली की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा जागी आधी पाहावे. समुद्रात उणे ९९९ मिळाले, जुलैत कोकणात भरपूर आणि जैसलमेरला थोडा पाऊस दिसला, की मगच पुण्याचा किंवा नागपूरचा आकडा मागावा.